४५ हजारांत कॉम्प्युटर: मोडी कागदांच्या स्कॅनसाठी काय घ्यावं? (इंदूर)

बोरू_टाक, रामबाग
रविवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी,

प्रश्न कॉम्प्युटरचा आहे, पण तो कशासाठी हवा ते आधी सांगते. दुकानात मी तोंड उघडायच्या आत "गेमिंग की ऑफिस?" असं विचारतात, आणि माझं काम या दोन्हींत बसत नाही.

माझ्या आजेसासऱ्यांचे वडील होळकरांच्या दफ्तरात कारकून होते. घरात दोन ट्रंका भरून कागद आहेत: जमाखर्चाच्या वह्या, पत्रं, लग्नाच्या याद्या, एका विहिरीच्या भांडणाचे अर्जावर अर्ज. बहुतेक सगळं मोडीत. मी शाळेत गणित शिकवत होते. निवृत्तीनंतर मोडी शिकले, आणि गेली तीन वर्षं रोज दुपारी दोन ते पाच एकेक कागद स्कॅन करून देवनागरीत उतरवते आहे. टायपिंग इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, युनिकोडमध्ये. मोजून ठेवलं आहे, सगळी मिळून साधारण १,४०० पानं आहेत. ६४० स्कॅन झाली. काही कागदांच्या घड्या आता हात लावला की तुटतात, म्हणून हे काम मला माझ्या हयातीत पुरं करायचं आहे.

सध्याचा कॉम्प्युटर २०१३ मध्ये घेतलेला. आय३-३२२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. त्या विंडोजचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले, आणि हे मशीन ११ घेत नाही. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. एक पान उघडायला घड्याळ लावून पाहिलं, तर ५० सेकंद लागली. दोन पानं एकदम उघडली की माऊसचा बाणसुद्धा जागचा हलत नाही. आणि गेल्या आठवड्यापासून सीपीयूमधून मधूनच टिक-टिक असा आवाज येतो.

बजेट ४५,०००. पेन्शनमधून बाजूला टाकलेले आहेत, त्यापुढे जाता येणार नाही. यात सगळं आलं पाहिजे.

दोन ठिकाणी विचारून आले:

पहिलं कोटेशन नव्या मशीनचं, ४१,०००. आय३-१२१००एफ, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (फिरत्या हार्ड डिस्कऐवजी चिपांवरची वेगवान डिस्क), "४ जीबीचं ग्राफिक कार्ड" जीटी ७३०, १९ इंची मॉनिटर, विंडोज "फ्री".

दुसरं जुन्याचं, १४,५००. नुसतं "आय५, ८ जीबी, २५६ एसएसडी" एवढंच सांगितलं. आय५ म्हणजे आय३ पेक्षा बरंच ना?

भाचा म्हणतो लॅपटॉप घे. मला एवढ्याशा पडद्यावर मोडी वाचवत नाही. वेलांटी कुठे सुटली आणि अक्षर कुठे सुरू झालं हेच तर बघायचं असतं.

स्कॅनर २००९ चा आहे, चपट्या काचेचा. कंपनीच्या पानावर विंडोज ११ साठी त्याचा ड्रायव्हर (स्कॅनर चालवणारा प्रोग्रॅम) नाही. तोही नवा घ्यावा लागेल का?


सुदामानगर_५१, इंदूर
रविवार, रात्री ९:४१

मावशी, बाकी सगळं नंतर बोलू. आधी तो कॉम्प्युटर बंद करा.

टिक-टिक हा पंख्याचा आवाज नसतो. हार्ड डिस्कच्या आत वाचणारा हात असतो. त्याला जागा सापडली नाही की तो मागे येतो आणि पुन्हा प्रयत्न करतो, त्याचा तो आवाज. डिस्क जाण्याआधी बहुतेक वेळा असाच येतो. त्या ६४० पानांची दुसरी प्रत कुठे आहे का?

नसेल तर पुढचं नीट वाचा. चेक डिस्क चालवू नका, डिफ्रॅग करू नका, अँटीव्हायरसचं स्कॅन लावू नका. हे सगळे प्रकार आजारी डिस्कला पळायला लावतात. डिस्क बाहेर काढायची, दुसऱ्या धड मशीनला यूएसबीतून लावायची आणि फक्त स्कॅनचं फोल्डर उचलायचं. गाणी, लग्नाचे व्हिडिओ, बाकी काहीही नाही. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. लॅपटॉपच्या डिस्कसाठी जी बारीक केबल मिळते तिच्यावर ही चालणार नाही, तेव्हा घेताना बघून घ्या. भाच्याचा लॅपटॉप आहे ना, तो आणायला सांगा. नवी एक्स्टर्नल डिस्क तुम्हाला तशीही लागणारच आहे, ती उद्याच घ्या.

आता कोटेशनबद्दल. १२१००एफ मधल्या "एफ"चा अर्थ असा की त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भाग नाही. म्हणून त्यांना वेगळं कार्ड घालावं लागतं. जीटी ७३० हे २०१४ साली आलेलं कार्ड आहे. "४ जीबी" हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तुमच्या कामाला त्याचा काडीचा उपयोग नाही. "एफ" नसलेला साधा १२१०० घेतला तर कार्डाचे पैसे वाचतात आणि चित्रही दिसतं.

आणि नुसत्या "आय५" वर जाऊ नका. पुढचा नंबर विचारा. आय५-३४७० असेल तर तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ चा, तुमच्या सध्याच्या आय३ चाच सख्खा भाऊ. आय५-६५०० सहाव्या पिढीचा. आय५-१०५०० दहाव्या पिढीचा. चार आकडे असतील तर पहिला आकडा पिढीचा, पाच असतील तर पहिले दोन. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. १४,५०० च्या त्या मशीनचा नंबर दुकानदार सांगत नाही, यातच काय ते कळतं.


बोरू_टाक
रविवार, रात्री ९:५८

बंद केला आहे. प्लगही काढला.

दुसरी प्रत नाही. एक पेन ड्राइव्ह होता, त्यात पहिली ८० का ९० पानं असतील. तीन वर्षांचं काम एकाच डिस्कवर आहे हे मला ठाऊक होतं, पण असं शब्दांत कुणी समोर मांडलं नव्हतं. उद्या सकाळी भाच्याला बोलावते.


दांडिया_बाजार, वडोदरा
सोमवार, सकाळी ७:१५

ताई, मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आता निवृत्त. तुमच्या आकड्यांवरून थोडा हिशेब केला. तुम्ही गणिताच्या, तुम्हाला पटेल.

तुम्ही रंगीत ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करत असाल असं धरतो. ए४ कागद त्यावर ४,९६० बाय ७,०१६ ठिपक्यांचा होतो, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४८ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. एक पान १०४ एमबी. १,४०० पानांचे सुमारे १४६ जीबी. म्हणजे जागेचा प्रश्न फार मोठा नाही, ५०० जीबीची एसएसडी आरामात पुरते.

आता ती ५० सेकंदं. ती प्रोसेसरची चूक नाही. चित्र उघडणारा प्रोग्रॅम १०४ एमबीवर थांबत नाही, केलेला बदल मागे घेता यावा म्हणून आणखी प्रती करून ठेवतो. विंडोज आणि ब्राउझर मिळून ४ जीबीपैकी बराचसा भाग आधीच खाऊन बसलेले असतात. रॅम संपली की उरलेलं सगळं हार्ड डिस्कवर लिहिलं जातं, परत वाचलं जातं, आणि तुमची डिस्क तर एकेक जागा पाच-पाच वेळा चाचपते आहे. म्हणून बाण हलत नाही. १६ जीबी रॅम आणि एसएसडी, एवढ्याने हे दुखणं जातं. आय३ की आय५ की रायझन, यावर इथे पुढे वाद होईल. तुमच्या कामासाठी तो वाद दुय्यम आहे.

पैसे कुठे घालायचे विचाराल तर मी आधी पडदा म्हणेन. तुमचं काम डोळ्यांचं आहे. २४ इंची पडदा साधारण ५३ सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच असतो. त्यावर उभा ए४ कागद पूर्ण दाखवला तर तो जेमतेम मुळाएवढाच दिसतो. तोच पडदा उभा फिरवला तर रुंदी ३० सेंटीमीटर मिळते आणि अख्खा कागद सुमारे १.४ पट मोठा दिसतो, वर-खाली सरकवावं न लागता. त्यासाठी आयपीएस पॅनेलचाच मॉनिटर घ्या. टीएन पॅनेल उभं केलं की एका बाजूने रंग उडतात, फिकट शाई तर दिसतच नाही. फिरणारा स्टँड महाग पडतो. मागे १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोकं असलेला साधा मॉनिटर आणि टेबलाला चिमटा लावायचा हात, हे स्वस्त पडतं. जुना मॉनिटर शेजारी ठेवा, त्यावर टाइप करा. डावीकडे कागद, उजवीकडे देवनागरी.

दुसरी गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मीच विचारतो. सीपीयूच्या पत्र्याला उघड्या हाताने स्पर्श केला की झिणझिण्या येतात का? रामबागेतल्या जुन्या घरांमधलं वायरिंग मी पाहिलेलं आहे, माझं आजोळ तिथलं.


बोरू_टाक
सोमवार, सकाळी ८:०२

येतात. पावसाळ्यात जास्त. आम्हाला वाटायचं सगळ्यांनाच येतात.

६०० डीपीआय रंगीत, बरोबर. शिकवणाऱ्यांनी तसंच करायला सांगितलं होतं.


दांडिया_बाजार, वडोदरा
सोमवार, सकाळी ८:३०

मग नवा कॉम्प्युटर त्या बोर्डावर लावायच्या आधी वायरमनला बोलवा. हे मी कळकळीने सांगतो आहे.

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, त्याच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्याला, एक न्यूट्रलपासून पत्र्याला. त्यांचं काम विजेतला नको असलेला गोंगाट जमिनीत सोडायचं. अर्थिंग असेल तर तो करंट मुकाट्याने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा मधेच लोंबकळतो, २३० च्या निम्म्याच्या आसपास, आणि तुमचा हात त्याची वाट होतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात, पण यूएसबीने जोडलेला स्कॅनर, बाहेरची डिस्क, सगळ्यांना तोच पत्रा. केबल लावता-काढताना त्यांचे पोर्ट जातात.

वायरमनला मीटरने मोजायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ २३० आले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट. काहीजण खटपट टाळायला सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडून देतात. मीटर छान दिसतं, झिणझिण्याही जातात, पण कधी मागचा न्यूट्रल तुटला तर अख्ख्या पत्र्यावर पूर्ण २३० येतात. तसं कुणी करू लागलं तर त्याला थांबवा. अर्थची तार खड्ड्यापर्यंतच गेली पाहिजे.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरे. तो साधारण ३६० वॉट देतो, तुमचं सगळं मिळून दीडशेच्या आतच राहील. फाइल बंद करून मशीन नीट बंद करायला पुरेसा वेळ मिळतो. प्रिंटर त्यावर लावू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, ते धरून चाला.

मशीनबद्दल माझं मत: नवंच घ्या. रायझन ५ ५६००जी किंवा एफ नसलेला आय३-१२१००, ८-८ च्या दोन मिळून १६ जीबी, ५०० जीबी एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी) एसएसडी, आणि एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस शिक्का (वीज कमी वाया घालवतो याची खूण) असलेला. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो नको.


लष्कर_ग्वाल्हेर
सोमवार, दुपारी १:१०

दांडिया बाजारवाल्या साहेबांचा अर्थिंगचा मजकूर मी वहीत उतरवून घेतला. पण शेवटच्या मुद्द्यावर माझं दुमत आहे.

ताई, ४५ हजारांत मॉनिटर, यूपीएस, दोन बाहेरच्या डिस्का आणि अस्सल विंडोज धरलं तर नव्या मशीनला पैसे उरत नाहीत. त्यात या महिन्यात रॅम घेणं म्हणजे सोनं घेणं झालं आहे. चिपा बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल नावाने घरगुती ग्राहकांना माल विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्याकडे जी १६ जीबी मी मागच्या उन्हाळ्यात घेतली तिचा आजचा भाव ऐकून दुकानदाराला पुन्हा विचारलं.

म्हणून माझा सल्ला: ऑफिसातून निघालेलं, दहाव्या पिढीचं ब्रँडेड मशीन. डेलचं ऑप्टिप्लेक्स ३०८०, एचपीचं प्रोडेस्क ४०० जी७, लेनोवोचं थिंकसेंटर एम७०एस, हे तिन्ही दहाव्या पिढीचे. मोठी ऑफिसं चार-पाच वर्षांनी शेकड्याने मशीनं बदलतात, त्यात हे येतात. आय५-१०५०० मध्ये ६ कोअर १२ थ्रेड आहेत, चित्र दाखवणारा भागही आतच आहे. रॅम त्यात आधीच बसवलेली मिळते, हा आत्ताच्या बाजारात सगळ्यात मोठा फायदा.

आणि विंडोज. पहिल्या दुकानात तुम्हाला "फ्री" विंडोज देत होते ते चोरीचं असतं, त्यात कुणी काय घातलं आहे ते देवालाच ठाऊक. ज्या मशीनवर तीन वर्षांची मेहनत ठेवणार त्यावर ते नको. विंडोजसकट विकलेल्या ऑफिसच्या मशीनांत लायसन्सची की मदरबोर्डमध्येच लिहिलेली असते. नवी डिस्क घालून विंडोज ११ टाकलं, नेटला जोडलं, की ते आपोआप चालू होतं.

मी तीन वर्षांपूर्वी असंच एक घेतलं, नवव्या पिढीचं. मुलीच्या क्लासच्या नोट्स, माझे मंडळाचे हिशेब, सगळं त्यावर चालतं. आजवर फक्त एकदा उघडून धूळ काढली.

घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यायचं. मशीन तुमच्यासमोर सुरू करायला लावा. सेटिंग्जमध्ये "अबाउट" उघडा, प्रोसेसरचं पूर्ण नाव तिथे येतं, बाहेरच्या स्टिकरवर जाऊ नका. "अ‍ॅक्टिव्हेशन"मध्ये डिजिटल लायसन्स लिहिलेलं असलं पाहिजे. सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरा, डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोला एफ१. तिथे पासवर्ड मागितला तर ते मशीन सोडा, जुन्या ऑफिसचं कुलूप अजून तसंच आहे. सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून मॉडेल जुळतं का पाहा. आणि पक्कं बिल, जीएसटी नंबरासकट, त्यावर हा सीरियल नंबर लिहून. "बिल घेतलं नाही तर इतके कमी" असं म्हणतील. कमी नकोत, बिल हवं.


दांडिया_बाजार, वडोदरा
सोमवार, संध्याकाळी ६:४५

विंडोज आणि रॅमचा हिशेब पटला. रॅमचे भाव मी धरले नव्हते, ते आज इथे विचारून आलो. नवं घ्या हे मी मागे घेतो.

दोन गोष्टी त्यात भर. एक, या छोट्या डब्यांचा एसएमपीएस त्या-त्या कंपनीचा खास मापाचा असतो, बाजारातला साधा बसत नाही. तेव्हा दुकानदाराकडून लिहून घ्या की वर्षभरात तो गेला तर तोच बदलून देईल. दोन, त्यात येणारी एसएसडी कुणाची किती वापरलेली ते कळत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो किती तास चालली आणि प्रकृती किती टक्के ते दाखवतो. ९० च्या खाली असेल तर बदलून मागा.

आणि ती डिस्क? काय झालं?


बोरू_टाक
मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार मानायला थोडा उशीर झाला, दोन दिवस डिस्कपाशीच बसून होते.

भाच्याने ती काढली, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवाल्या केबलने त्याच्या लॅपटॉपला लावली. पहिली दीडशे पानं भराभर आली, मग थांबत थांबत. एका पानावर अर्धा अर्धा तास. त्याने तसं पान सोडून पुढचं घ्यायचं असं केलं. रात्रभर चालू होती. पहाटे चारला मी उठून पाहिलं तेव्हा ५१० झाली होती. शेवटी ६४० पैकी ६१७ आली. २३ उघडत नाहीत. आज दुपारी डिस्क लावली तर आता ती दिसतच नाही.

२३ कागद ट्रंकेत आहेत, ते पुन्हा स्कॅन करता येतील. पण त्यात चार असे आहेत ज्यांचे तुकडे मी स्कॅन करताना जुळवून मांडले होते. ते पुन्हा मांडायला हिंमत करावी लागेल.

सुदामानगर, तुम्ही रविवारी रात्री ते लिहिलं नसतं तर मी सोमवारी दुपारी दोनला नेहमीसारखी कॉम्प्युटर लावून बसले असते.


सुदामानगर_५१, इंदूर
मंगळवार, रात्री १०:५२

६१७ आली, मावशी, हे फार झालं. आता पहिला खर्च दोन एक्स्टर्नल डिस्कांचा, मशीनच्या आधी. एक घरात, एक दुसऱ्या गावी कुणाकडे. महिन्याला एकदा अदलाबदल.

स्कॅनरचं राहून गेलं होतं. टाकू नका! २००९ चा चपट्या काचेचा आणि सुरू केल्यावर दिवा गरम व्हायला थोडा वेळ घेतो, असा आहे का? मग तो बहुधा सीसीडीचा असणार. आजकाल जे पातळ, यूएसबीवरच चालणारे स्वस्त स्कॅनर मिळतात ते सीआयएसचे. त्यांना काचेला घट्ट चिकटलेला कागदच स्पष्ट दिसतो, घडी जरा वर उचललेली असली की तिथली अक्षरं पुसट होतात. सीसीडीला थोडी खोली दिसते. तुमच्या सुरकुतलेल्या कागदांना तोच हवा, आणि तसा नवा घ्यायचा तर बजेटच्या बाहेर जातो.

ड्रायव्हरसाठी दोन वाटा. व्ह्यूस्कॅन नावाचा प्रोग्रॅम विकत मिळतो, तो कंपनीने सोडून दिलेले पुष्कळ स्कॅनर चालवतो. आधी फुकट लावून बघता येतो, तेव्हा पानांवर त्यांचा शिक्का येतो, पण चालतो की नाही ते कळतं. नाहीतर लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम. पेन ड्राइव्हवरून सुरू करता येतं, काही इन्स्टॉल न करता. त्यात जुन्या स्कॅनरांचे ड्रायव्हर बरेचसे आधीच असतात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि मराठी इनस्क्रिप्टही आहे. शनिवारी मी मोकळा आहे. सांगाल तर पेन ड्राइव्ह बनवून घेऊन येतो, सुदामानगरहून रामबाग किती लांब आहे.


बोरू_टाक
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:०५

घेतला. हिशेब मांडते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

वायरमन बुधवारी आला. फेज आणि अर्थमध्ये मीटर ४० च्या आसपास काहीतरी दाखवत होतं. आमच्या अर्थची तार गच्चीवरून खाली येताना मधेच कापलेली निघाली, कधीतरी रंगकामाच्या वेळी कापली असावी. नवी ओढली. आता २३२ आणि २. तो खर्च मी कॉम्प्युटरच्या बजेटात धरलेला नाही, तो घराचा.

शुक्रवारी मी आणि भाचा मशीन बघायला निघालो. एका दुकानात "दहावी जनरेशन" असं छापलेलं स्टिकर समोर लावलेलं होतं, भाव १७,०००. मी "अबाउट" उघडायला सांगितलं. आय५-६५०० निघाला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, काम तो वही करेगा." मी म्हटलं, विंडोज ११ करणार नाही, आणि तिथून उठलो.

मग आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये तीन दुकानं पाहिली. तिथे एकाने न सांगता स्वतःच बायोस उघडून दाखवला. आय५-१०५००, ८-८ मिळून १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, प्रकृती ९७ टक्के, डिजिटल लायसन्स. २१,५००, पक्कं बिल, सीरियल नंबर बिलावर. एसएमपीएस वर्षभर बदलून देण्याचं त्याने शिक्क्यानिशी लिहून दिलं. असं आजवर कुणी मागितलं नव्हतं म्हणाला, पण दिलं.

२४ इंची आयपीएस मॉनिटर ८,२००. टेबलाचा हात १,६००. यूपीएस ३,२००. १ टीबीच्या दोन एक्स्टर्नल डिस्का १०,८००. एकूण ४५,३००. वरचे तीनशे भाच्याने मला देऊ दिले नाहीत.

जुन्या मॉनिटरला व्हीजीए आणि नव्या मशीनला डिस्प्लेपोर्ट, त्यासाठी एक अडॅप्टर लागला. तो दुकानदाराने त्यातच घातला.

हात टेबलाला लावताना एक अडचण आली. टेबल सासऱ्यांचं सागवानी, कड जाड, चिमटा पुरेना. शेवटी मागच्या बाजूच्या पातळ फळीला लावला, लाकडाला वळ पडू नये म्हणून मधे जुन्या चपलेचं रबर. उभ्या पडद्यावर विहिरीचा पहिला अर्ज उघडला. दांडिया बाजारवाले, अख्खं पान एका नजरेत दिसतं. आधी मी चार ओळी बघायची, सरकवायची, आणि वरच्या ओळीत हे नाव कसं लिहिलं होतं ते विसरायची. आता एकाच लेखकाचा "ख" वर कसा आणि खाली कसा हे शेजारी शेजारी दिसतं. पान उघडायला दोन सेकंद.

सुदामानगर काल आले होते. स्कॅनर व्ह्यूस्कॅनवर लगेच ओळखला गेला, त्यामुळे मिंटचा पेन ड्राइव्ह तसाच राहिला, मी ठेवून घेतला आहे. व्ह्यूस्कॅनचे पैसे पुढच्या पेन्शनला भरीन, तोवर पानांवर त्यांचा शिक्का येतो तो चालवून घेते.

एक डिस्क इथे कपाटात. दुसरी उद्या देवासला जाऊबाईंकडे जाते.

२३ पैकी १४ पानं आज पुन्हा स्कॅन झाली. तुकड्यांचे चार कागद आणि आणखी पाच राहिले आहेत. तुकड्यांना मी उद्या सकाळी हात लावणार, दुपारी उजेड खिडकीच्या बाजूला सरकतो.